मानेतील तंत्रिकारोध : तंत्रिकीय उपद्रव

मानेतील तंत्रिकांच्या सान्निध्यात स्थानिक संवेदनाहारक औषध टोचून मान, खांदा वा हात यांतील संवेदना तात्पुरती नाहीशी करण्याच्या उपायास मानेतील तंत्रिकारोध म्हणतात. शस्त्रक्रियेसाठी व चिवट वेदनांच्या शमनासाठी तो योजतात. या अरुंद भागात मेरुरज्जू, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या आणि श्वसनाशी निगडित तंत्रिका जवळजवळ असतात. त्यामुळे सुई व औषध कोठे पोहोचतात, यावर उपद्रवांचे स्वरूप अवलंबून असते.

जत्रुकास्थीच्या वरून त्वचेतून सुई घालण्याची पद्धत डी. कुलेनकाम्फ यांनी १९११ मध्ये वर्णिली. मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंमधील फटीतून औषध देण्याची पद्धत ए. पी. विनी यांनी १९७० मध्ये मांडली.

तात्पुरते परिणाम : स्केलीन पद्धतीत नेहमीच्या मात्रेने त्या बाजूचे मध्यपटल बहुतेक सर्व रुग्णांत काही तास दुर्बळ होते. अनुकंपी तंत्रिका बाधित झाल्यास पापणी उतरते व डोळ्यातील बाहुली लहान होते (हॉर्नर लक्षणसमूह). स्वरयंत्राची तंत्रिका बधिर झाल्यास आवाज घोगरा होतो. औषधाचा अंमल ओसरताच ही लक्षणे सामान्यतः जातात. निरोगी व्यक्तीस मध्यपटलाची दुर्बलता बहुधा जाणवतही नाही परंतु फुप्फुसविकार असणाऱ्यास ती धोक्याची ठरते. गोंदिया जिल्ह्यासह पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल विकारातही हा विचार महत्त्वाचा आहे कारण रक्तातील ऑक्सिजन घटल्यास तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्या तुंबवितात.

गंभीर उपद्रव : कशेरुक रोहिणीत एक-दोन मिलिलिटर औषध गेले, तरी ते थेट मेंदूत पोहोचून तत्काळ आचके येतात व शुद्ध हरपते. मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात औषध शिरल्यास रक्तदाब घसरतो व श्वसन थांबते. वेळीच कृत्रिम श्वसन दिल्यास असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. सुई प्रत्यक्ष मेरुरज्जूत घुसल्यास मात्र हानी कायमची होऊ शकते. संपूर्ण शुद्धिहरणाखाली स्केलीन रोध दिलेल्या चार रुग्णांत अशी हानी झाल्याचे जे. एल. बेन्युमॉफ यांनी २००० मध्ये नोंदविले. बेशुद्ध रुग्ण वेदना वा झिणझिण्या सांगू शकत नाही, हे त्यांतील मर्म होय. वेदनाशमनासाठी दिलेल्या स्टेरॉइडाचे कण रोहिणीत अडकल्यास मेरुरज्जू, मस्तिष्क स्तंभ किंवा निमस्तिष्क यांचा रक्तपुरवठा तुटतो.

तंत्रिकेस इजा झाल्यास बधिरता किंवा स्नायुदुर्बलता मागे राहते. ती बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येते. दीर्घकाळ टिकणारी इजा साधारणपणे दर दहा हजारांत दोन ते चार रुग्णांत आढळते.

प्रतिबंध व उपचार : श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिमेत सुईचे टोक पाहणे, रुग्ण जागा असताना रोध देणे, औषध थोडेथोडे देऊन दर वेळी रक्त येत नाही याची खात्री करणे आणि वेदना होताच थांबणे, ही मुख्य खबरदारी होय. मात्रा कमी ठेवल्यास मध्यपटलावरील परिणाम घटतो. मानेत कणयुक्त स्टेरॉइड टाळतात. ऑक्सिजन, कृत्रिम श्वसनाची साधने, आचके थांबविणारी औषधे व विषबाधेवर नीलेतून द्यावयाचे मेद पायस हाताशी असल्याखेरीज रोध देऊ नये. अपेक्षित काळानंतरही बधिरता टिकल्यास किंवा दोन्ही बाजूंचे हातपाय दुर्बळ झाल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते कारण मेरुरज्जूवर साकळलेल्या रक्ताचा दाब लवकर दूर केला, तरच त्याचे कार्य पूर्ववत होण्याची आशा असते.