पॅकेज व्यवस्थापन (लिनक्स)

पॅकेज व्यवस्थापन म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर बसवणे, ते अद्ययावत ठेवणे आणि नको असल्यास काढून टाकणे ही कामे एकाच प्रणालीमार्फत करण्याची पद्धती होय. अशा प्रणालीस पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. लिनक्समध्ये टर्मिनलवर आज्ञा टंकून ही सर्व कामे करता येतात. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकल्या जातात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

स्वरूप

पॅकेज या फाइलमध्ये सॉफ्टवेअरबरोबरच त्याचे नाव, आवृत्ती आणि ते चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी असते. या परस्पर गरजेस अवलंबित्व म्हणतात. पॅकेजे इंटरनेटवरील भांडारात साठवलेली असतात. भांडाराच्या सूचीवर अंकीय स्वाक्षरी असते व व्यवस्थापक ती पडताळून पाहतो. त्यामुळे फाइलमध्ये वाटेत कोणी फेरफार केल्यास तो उघडकीस येतो.

इतिहास

इयान मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. डेबियनचा मूळ व्यवस्थापक डीपीकेजी हा अवलंबित्वाची नोंद ठेवत असे. मात्र लागणारी पॅकेजे स्वतः आणत नसे. ही उणीव एपीटीने भरून काढली. १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीत एपीटीचा समावेश झाला. उबुंटूही एपीटीच वापरते. रेड हॅटची आरपीएम पद्धती १९९५ पासूनची असून फेडोरामध्ये सध्या डीएनएफ हा व्यवस्थापक वापरतात.

प्रमुख आज्ञा

'एपीटी अपडेट' ही आज्ञा केवळ भांडाराची सूची ताजी करते. बसवलेली पॅकेजे नव्या आवृत्तीवर नेण्यासाठी 'एपीटी अपग्रेड' द्यावी लागते. 'इन्स्टॉल' पॅकेज बसवते, 'रिमूव्ह' ते काढते, तर 'पर्ज' त्याच्या प्रणालीस्तरावरील मांडणीच्या फाइलीही पुसते. या आज्ञांपूर्वी 'सुडो' लिहून प्रशासकाचा अधिकार घ्यावा लागतो. काम चालू असताना वीज गेल्यास पॅकेज अर्धवट राहू शकते. अशा वेळी 'डीपीकेजी' या आज्ञेस 'कॉन्फिगर' व 'ए' हे पर्याय जोडून उरलेले काम पूर्ण करतात.

मराठीसाठी पॅकेजे

पॅकेजांच्या नावात भाषेचा संकेत येतो. मराठीचा संकेत 'एमआर' आहे. डेबियनच्या भांडारात मराठी शब्दलेखन तपासणीसाठी 'अ‍ॅस्पेल-एमआर' आणि लिबरऑफिसच्या मराठी रूपासाठी 'लिबरऑफिस-एल१०एन-एमआर' ही पॅकेजे आहेत. देवनागरीसाठी रेड हॅटच्या पुढाकाराने तयार झालेला लोहित हा मुक्त टंक 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या पॅकेजातून मिळतो.

खानदेशातील भाषा

धुळे, नंदुरबार, जळगाव व नाशिक जिल्ह्यांच्या काही भागांत अहिराणी बोलली जाते. ती देवनागरीत लिहिली जात असल्याने लोहित टंक तिलाही पुरतो. शब्दलेखन तपासणीची स्थिती मात्र निराळी आहे. तपासणी ही शब्दांच्या यादीवर चालते आणि मराठीच्या यादीत नसलेला शब्द अशुद्ध म्हणून दाखवला जातो. त्यामुळे 'आंडोर' (मुलगा) किंवा 'आंडेर' (मुलगी) हे अहिराणीतील रोजचे शब्द लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास ते चुकीचे असल्याची खूण दिसू शकते. ही खूण भाषेचा दोष दाखवत नाही. यादीची मर्यादा दाखवते.

आयएसओ ६३९-३ या मानकात अहिराणीस 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे. तपासणीचे पॅकेज तयार करण्यासाठी याखेरीज तीन गोष्टी लागतात: काळजीपूर्वक जमवलेली शब्दसूची, ती सर्वांना वापरू देणारा मुक्त परवाना आणि पॅकेजची निगा राखणारी व्यक्ती. यांपैकी शब्दसूचीचे काम प्रोग्रामिंग न येणाऱ्या भाषाभ्यासकासही करता येते. असे पॅकेज भांडारात दाखल झाल्यावर ते 'इन्स्टॉल' या एकाच आज्ञेने कोणत्याही शाळेच्या संगणकावर बसवता येते.