बिल्टीमागची जाग्रणे

इंदूरच्या देवास नाक्यावर मालमोटारींची रांग पाहिली, की घरी येणाऱ्या प्रत्येक जिनसेमागे कुणाची तरी जाग्रणे आहेत, हे जाणवते. या धंद्यात माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि दोघांची गाठ घालून देणारा दलाल तिसरा. गाडी भरताना भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो. त्यातच डिझेल, पथकर व वाटखर्च भागवावयाचा. बाकी रक्कम, पोच मिळालेली बिल्टी परत आल्यावर. पोती भिजली वा तूट निघाली, की कपात ठरलेली. परतीचे भाडे न मिळाल्यास पदरचे डिझेल जाळून रिकामी गाडी आणावी लागते.

दलालही निर्धास्त नसतो. खोटा क्रमांक लावलेली गाडी मालासह नाहीशी झाली, तर व्यापारी त्याच्याच दारी येतो. १८६५ च्या कायद्याची जागा घेणारा २००७ चा कायदा २०११ पासून अमलात आहे. त्याने दलालासही वाहतूकदारांत गणून नोंदणी आवश्यक केली. तथापि पुष्कळसा व्यवहार अद्याप शब्दावरच चालतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील स्वतःची गाडी चालवीत. बाकी भाडे तीन महिने अडकले, कर्जाचा हप्ता थकला. तेव्हा त्यांनी विश्रांतीवाचून लागोपाठ फेऱ्या केल्या. सेंधव्याजवळ बिजासन घाटात त्यांचा डोळा लागला. गाडी कठड्याला अडली, म्हणून ते वाचले. मुलगा मात्र दहावीच्या परीक्षेऐवजी क्लीनर म्हणून त्यांच्याबरोबर गेला.

आपल्यापैकी जे व्यापारात आहेत, त्यांना एवढीच विनंती: माल उतरला, की भाडे चुकते करावे.