उद्याच्या भांडवलावर आजचा संघ

२७ जून २०१३ ची रात्र. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बार्कलेज सेंटर या नव्या क्रीडागृहात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा वार्षिक ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्ट म्हणजे नवोदित खेळाडूंची निवड. आपली पाळी आली की संघाने एक तरुण निवडायचा. योगायोग असा की हे क्रीडागृह ज्या संघाचे घर, त्या ब्रुकलिन नेट्सनेच त्या रात्री पुढील कित्येक वर्षांच्या आपल्या पाळ्या दुसऱ्याच्या स्वाधीन केल्या.

सौदा बोस्टन सेल्टिक्सशी ठरला. नेट्सला केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी मिळाले. तिघेही नामवंत, तिघांच्याही नावावर पूर्वीचे विजेतेपद जमा. पण गार्नेट ३७ वर्षांचा आणि इतर दोघे ३५ वर्षांचे. त्यांच्या बदल्यात नेट्सने काही खेळाडू दिले, शिवाय पहिल्या फेरीतील २०१४, २०१६ आणि २०१८ चे निवडहक्क दिले. २०१७ साली बोस्टनला वाटल्यास दोघांच्या पाळ्यांची अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. मधली वर्षे सोडण्याचे कारण उदारपणा नव्हे. सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क विकण्यास एनबीएत मनाई आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क इतक्या सढळ हाताने वाटले, की अखेर नियमच करावा लागला आणि त्यांचे नाव त्याला कायमचे चिकटले.

निवडहक्काचे मोल कशात असते, हे व्यापारी घरात फोड करून सांगावे लागणार नाही. पहिल्या फेरीतील नवोदिताचे वेतन ठरावीक आणि माफक असते, आणि खेळाडू चांगला निघाला तर काही वर्षे तो संघाला फार स्वस्तात पडतो. त्यातून जो संघ अधिक हरतो, त्याला वरची पाळी मिळण्याचा संभव अधिक. म्हणजे नेट्सने बोस्टनला दिली ती जणू रकमेचा रकाना कोरा ठेवलेली हुंडी. नेट्सची अवस्था जितकी बिघडेल, तितकी त्या रकान्यातील रक्कम आपोआप वाढणार होती.

एवढी घाई कशासाठी? रशियन धनाढ्य मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये संघाचा ८० टक्के हिस्सा सुमारे २० कोटी डॉलर मोजून आणि कर्जाचा भार उचलून घेतला. पाच वर्षांत विजेतेपद आणीन, नाही तर शिक्षा म्हणून लग्न करीन, असे ते थट्टेने म्हणाले होते. थट्टा असली तरी मुदत खरी होती. २०१२ मध्ये संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आला. नव्या शहराला मोठी नावे दाखवणे भाग होते. या सौद्याचा दोष पुढे व्यवस्थापक बिली किंग यांच्या माथी मारला गेला, तो पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. मालकाने घड्याळ लावून दिले की मुनीम त्या घड्याळाप्रमाणेच सौदे करणार.

२०१३-१४ च्या हंगामात नेट्सचा वेतनखर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. एनबीएत वेतन ठरलेल्या रेषेपलीकडे गेले की लक्झरी टॅक्स भरावा लागतो, आणि त्याचे चढते दर त्याच हंगामापासून अधिक कडक झाले होते. नेट्सला हा कर सुमारे ९ कोटी डॉलर पडला. त्या वर्षी एका संघाच्या वेतनाची मूळ मर्यादा ५ कोटी ८७ लाखांच्या आसपास होती. नुसता करच तिच्याहून दीडपट भरला. फळ काय मिळाले? ८२ पैकी ४४ विजय, आणि बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात मायामीकडून पराभव. वर्षभरात पिअर्स वॉशिंग्टनला गेला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत गार्नेटही गेला. २०१५-१६ मध्ये संघाने २१ सामने जिंकले, पुढल्या हंगामात २०.

आता हुंड्या वटू लागल्या. पहिली, २०१४ ची, बोस्टनला फारशी लाभली नाही. मात्र २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राऊन हाती आला. २०१७ मध्ये अदलाबदलीच्या हक्काने बोस्टनकडे चक्क पहिली पाळी आली. व्यवस्थापक डॅनी एंज यांनी ती फिलाडेल्फियाला देऊन तिसरी पाळी आणि वर आणखी एक भावी हक्क घेतला, आणि जेसन टेटमची निवड केली. ब्राऊन आणि टेटम यांच्याच बळावर बोस्टनने २०२४ मध्ये आपले अठरावे विजेतेपद पटकावले. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ब्राऊन.

इकडे २०१६ मध्ये शॉन मार्क्स नेट्सचे व्यवस्थापक झाले. हाती स्वतःची पाळी नाही, हरण्यातही लाभ नाही. त्यांनी गार्नेटच्या मोबदल्यात आलेला थॅडियस यंग इंडियानाला देऊन विसाव्या क्रमांकाचा हक्क घेतला आणि कॅरिस लेव्हर्ट निवडला. लॉस एंजेलिसच्या लेकर्सना नकोसा झालेला एक महाग करार स्वतःच्या खात्यावर घेतला आणि त्यासोबत तरुण डीअँजेलो रसेल मिळवला. बाविसाव्या क्रमांकावर जॅरेट ॲलन सापडला. दुसऱ्यांनी सोडलेल्या स्पेन्सर डिनविडीला दुय्यम लीगमधून आणले. २०१८-१९ मध्ये हा संघ ४२ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला. या साऱ्या कथेतील सर्वांत देखणे काम कदाचित हेच, आणि ते सर्वांत कमी पैशात झाले.

त्याच वर्षी प्रोखोरोव्ह यांनी अलीबाबाचे सहसंस्थापक जोसेफ त्साई यांना उरलेला हिस्सा विकला. त्या वेळी संघाचे मूल्य सुमारे २३५ कोटी डॉलर धरले गेले. विजेतेपद आले नाही, पण गुंतवणूक मात्र भरभरून फळली. मालकाची वही आणि संघाची वही या दोन वेगळ्या वह्या असतात, आणि प्रेक्षकाला फक्त दुसरी दिसते.

२०१९ च्याच उन्हाळ्यात केविन ड्युरंट आणि कायरी अर्व्हिंग ब्रुकलिनला आले. जानेवारी २०२१ मध्ये नेट्सने जेम्स हार्डनसाठी ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले आणि २०२७ पर्यंतच्या चार अदलाबदली लिहून दिल्या. लेव्हर्ट आणि ॲलन हेही त्याच सौद्यात गेले. तिघे तारे मिळून बाद फेरीतील एकच मालिका जिंकू शकले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिघेही संघ सोडून गेले होते.

जून २०२४ मध्ये, ड्युरंटच्या बदल्यात फिनिक्सकडून मिळालेल्या हक्कांपैकी काही देऊन, नेट्सने आपल्याच २०२५ आणि २०२६ च्या पाळ्यांवरचा ताबा ह्यूस्टनकडून सोडवून घेतला. पुढच्या जूनमध्ये ड्राफ्ट पुन्हा बार्कलेज सेंटरमध्येच भरला. त्या रात्री नेट्सने पहिल्या फेरीत पाच नवोदित निवडले. पहिला, आठव्या क्रमांकावर आणि स्वतःच्या पाळीवर, मॉस्कोत जन्मलेला १९ वर्षांचा येगोर ड्योमिन.