मन थाऱ्यावर राहावे म्हणून
मोबाईलचा वापर आणि एकाग्रता : नागरिकांसाठी माहिती

आपण काशीयात्रा केली असेल, तर एक प्रसंग आठवून पाहावा. वाराणसीत काशी विश्वनाथाच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाला मंदिरात मोबाईल नेता येत नाही. तो बाहेर लॉकरमध्ये ठेवून, किल्ली कनवटीला लावून रांगेत उभे राहावे लागते. पहिली काही मिनिटे हात आपोआप खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो. थोड्या वेळाने तो जायचा थांबतो. मग पुढे उभ्या असलेल्या बाईच्या परडीतील बेलपाने, गल्लीतील घंटानाद, आपल्याच मुलाने दोनदा विचारलेला प्रश्न यांच्याकडे लक्ष जाऊ लागते.

त्याच दिवशी संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर गंगेच्या आरतीला जावे, तर दृश्य नेमके उलट दिसते. शेकडो हात उंचावलेले असतात आणि आरती पडद्यातून पाहिली जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातील वस्तूंची छायाचित्रे काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या निरखून पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. छायाचित्र काढूच नये, असा याचा अर्थ नाही. एक काढावे आणि मोबाईल पिशवीत ठेवून द्यावा.

सकाळी रांगेत असलेला आणि संध्याकाळी घाटावर उभा असलेला मनुष्य एकच आहे. दिवसभरात त्याचा निग्रह कमी झालेला नसतो. मोबाईल कोठे आहे, एवढाच फरक पडलेला असतो. मोबाईलचा वापर कमी करण्याचा विचार करताना बहुतेक जण मनाच्या निर्धारावर भर देतात आणि आठवड्याभरात स्वतःला दोष देऊ लागतात. निर्धारापेक्षा अंतर आणि वेळ यांची व्यवस्था अधिक उपयोगी पडते, हे या पत्रकातून सांगावयाचे आहे.

लक्ष कसे तुटते

एक काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळताना मन पूर्णपणे वळत नाही. त्याचा काही भाग आधीच्या कामातच गुंतून राहतो. म्हणून दहा सेकंदांचा संदेश वाचण्याची किंमत दहा सेकंद नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधिका ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांनुसार, २००४ च्या सुमारास संगणकावर काम करणारी व्यक्ती एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे लक्ष ठेवीत असे. अलीकडच्या वर्षांत हा काळ सुमारे ४७ सेकंदांपर्यंत खाली आला आहे.

रुग्णालयात औषधे देणाऱ्या परिचारिकेला मध्येच हाक मारू नये, हा संकेत याच कारणाने पाळला जातो. सिडनी येथील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाचे निरीक्षण करण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रत्येक व्यत्ययामागे औषध देण्यातील चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्या परिचारिका निष्काळजी नव्हत्या. त्यांचे लक्ष तोडले जात होते. अभ्यासाला बसलेले मूल, हिशेब लिहिणारा दुकानदार आणि दुचाकी चालविणारा तरुण यांच्या बाबतीतही हेच घडते. दुचाकीच्या बाबतीत तर चूक दुरुस्त करण्याची संधीही मिळत नाही.

एका गावाचा दीड तास

करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्या घरांत एकच मोबाईल होता, तेथेही तो मुलांच्या हाती द्यावा लागला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मुले वर्गात परतली, पण मोबाईल त्यांच्या हातातून सुटला नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावातही शिक्षकांना आणि पालकांना हाच अनुभव येत होता.

तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांनी काही काळ टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हा गावातील पुरुषांनी प्रथम ती हसण्यावारी नेली. मग गावातील स्त्रिया एकत्र जमल्या. मालिका पाहण्यात आपलेही तास जातात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाच्या सभेत निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद ठेवले जात. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदारी जाऊन लोकांना समजावीत असत.

या प्रयोगातील दोन गोष्टी घ्याव्यात, असे वाटते. पहिली म्हणजे तो सर्वांना लागू होता. वडील बातम्या पाहत बसले आहेत आणि मुलाला मात्र पुस्तक उघडण्यास सांगितले जात आहे, असा प्रकार त्यात नव्हता. दुसरी म्हणजे त्याला सुरुवात आणि शेवट होता. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई करण्याचा ठराव केला. त्यामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु शाळेचा गृहपाठच जेथे व्हॉट्सॲपवर येतो, तेथे सरसकट बंदी पाळणे अवघड जाते. ठरलेला दीड तास मात्र कोणालाही पाळता येतो.

घरात काय करता येईल

आपल्या घराला भोंगा नाही, पण जेवणाची वेळ आहे. दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंतचा एक तास घरातील सर्वांनी मिळून ठरवावा आणि त्या वेळी सर्वांचे मोबाईल एका जागी, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावेत. फडताळ, देवघराशेजारचा कोनाडा, धान्याचा रिकामा डबा, काहीही चालेल. पालथा घालून शेजारीच ठेवलेला मोबाईल दूर ठेवल्यासारखा होत नाही. उचलावा की नाही, हा विचार मनात चालूच राहतो.

रात्री झोपण्याच्या खोलीत चार्जर ठेवू नये. सकाळी गजर लागतो म्हणून मोबाईल उशाशी लागतो, असे पुष्कळ जण सांगतात. त्यांनी गजराचे साधे घड्याळ आणावे. या पत्रकातील सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

नोटिफिकेशनविषयी आपल्याच देशात झालेला एक प्रयोग उपयोगी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतातील २३७ व्यक्तींना दोन आठवडे वेगवेगळ्या पद्धतीने नोटिफिकेशन देण्यात आली. ज्यांना ती दिवसातून तीन वेळा एकत्रित मिळाली, त्यांचे कामात लक्ष अधिक लागले आणि मनही अधिक प्रसन्न राहिले. ज्यांची नोटिफिकेशन पूर्णपणे बंद करण्यात आली, त्यांची मात्र अस्वस्थता वाढली. म्हणून एकदम सर्व तोडून टाकण्यापेक्षा सकाळी, दुपारी व सायंकाळी संदेश पाहण्याची वेळ ठरवावी. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून आई-वडील, मुलांची शाळा आणि घरातील आजारी व्यक्ती यांचे क्रमांक त्यातून वगळावेत, म्हणजे महत्त्वाचा फोन चुकणार नाही. व्यवसायासाठी यूपीआयच्या संदेशाचा आवाज लागत असेल, तर तेवढाच चालू ठेवावा.

यापुढे जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोबाईलवरील इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवून केवळ फोन व साधे संदेश चालू ठेवणाऱ्यांची एकाग्रता मोजता येईल इतकी सुधारली. सहभागी झालेल्या बऱ्याच जणांना हा नियम शेवटपर्यंत पाळता आला नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्यालाही जमले नाही, तर त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

लहान मुले

एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा अधिक वेळ दाखवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. घास भरविताना मोबाईल समोर धरण्याची सवय अनेक घरांत आढळते. काम उरकण्याच्या घाईत ती लागते, हे खरे. परंतु अशा वेळी मुलाचे लक्ष घासाकडे नसते आणि पोट भरल्याची जाणीवही त्याला नीट होत नाही. रडणे थांबविण्यासाठी मोबाईल देण्याची वेळ वारंवार येत असेल, तर आजी-आजोबांसह घरातील सर्वांनी एकच धोरण ठरवावे. एकाने नाही म्हणावे आणि दुसऱ्याने गुपचूप द्यावा, असे होऊ नये.

मदत केव्हा घ्यावी

मोबाईल काढून घेतल्यावर मूल किंवा प्रौढ व्यक्ती हिंसक होत असेल, रात्रीची झोप सतत बिघडत असेल, शाळा किंवा काम बुडू लागले असेल, ऑनलाइन खेळांत पैसे जात असतील अथवा माणसांत मिसळणे बंद झाले असेल, तर ही केवळ सवय राहिलेली नाही, असे समजावे. खेळांच्या अतिरेकाला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात विकार म्हणून स्थान दिले आहे. रागावून मोबाईल फोडल्याने तो बरा होत नाही. उपचारांनी होऊ शकतो. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र ‘शट क्लिनिक’ चालते. आपल्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही सल्ला मिळतो.

घरबसल्या बोलावयाचे असल्यास टेली-मानस या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते आणि मराठीतूनही बोलता येते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. आई, वडील, शिक्षक किंवा मित्र यांनीही करावा.