विषारी पानं आणि एकपाठी हिराइसा
(पडदा आणि पोथी : भाग ७)

परभणीहून नांदेडला जाणारी गाडी पूर्णा जंक्शन सोडते आणि चुडाव्याचं छोटं स्टेशन लागतं. मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेसही याच रुळांवरून धावते. ज्या गडाचं नाव ती लावते, तो दौलताबादचा किल्ला याच मार्गावर पश्चिमेला आहे. १३२७ साली महंमद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी तिकडे हलवायचं ठरवलं.

नेमकं तेच साल एका विलक्षण खूनपटाचं आहे. उंबेर्तो एको या इटालियन विद्वानाची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १९८० मध्ये आली आणि १९८६ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक झाँ-जाक आनो यांनी तिच्यावर चित्रपट केला. कथा घडते १३२७ च्या हिवाळ्यात, उत्तर इटलीतल्या डोंगरावरच्या एका ख्रिस्ती मठात. आतली बरीच दृश्यं जर्मनीतल्या एबरबाखच्या खऱ्या जुन्या मठात चित्रित झाली, तर बाहेरचा अवाढव्य मठ रोमजवळ मुद्दाम उभारला गेला.

मठात एकामागून एक साधू मरतात. कुणाची बोटं काळी पडलेली, कुणाची जीभ काळी. विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू (शॉन कॉनरी) आपल्या अॅड्सो नावाच्या तरुण शिष्याला घेऊन तपासाला लागतो. सैतानाचा कोप, शेवटच्या दिवसाची खूण असं सगळे कुजबुजत असताना तो बर्फातल्या पावलांची खोली पाहतो, चश्मा लावून अक्षरं निरखतो. लिंबाच्या रसानं लिहिलेला मजकूर मेणबत्तीची ऊब देऊन वर आणतो. चश्मा तेव्हा इटलीत जेमतेम चाळीस वर्षांचा होता.

रहस्य सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही, म्हणून सांगायला हवं. खुनांच्या मुळाशी एक ग्रंथ आहे: अॅरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’चा विनोदावरचा दुसरा भाग. तो जगानं खरोखरच गमावला आहे. एकोंनी कल्पना केली की त्याची एकच प्रत या मठात उरली होती. हसणारा माणूस भीत नाही आणि भीती गेली की देवही जाईल, असं मानणारा आंधळा वृद्ध साधू होर्हे त्या प्रतीच्या पानांना विष लावून ठेवतो. वाचक बोट जिभेला लावून पान उलटतो आणि वाचता वाचताच मरतो.

गोदावरीच्या खोऱ्यातल्या वाचकाला इथे महानुभाव पंथाच्या पोथ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

या पंथातल्या म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ज्यांनी जे पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा मिळवली आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेतली. पुढे उत्तरेच्या फौजांची धामधूम झाली. पंथ तिला ‘खालशाची धाड’ म्हणतो. त्या धाडीत मूळ पोथी गेली. म्हणजे चित्रपटातल्या मठासारखीच स्थिती: एक प्रत होती, तीही नाहीशी झाली.

पण इथली गोष्ट तिथे संपली नाही. लीळा अनेकांच्या तोंडी होत्या. एकपाठी, म्हणजे एकदा ऐकलेलं पाठ होणारी, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिराइसेनं आणि इतर अनुयायांनी त्या आठवून सांगितल्या आणि ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. आज अभ्यासक ‘हिराइसेचा पाठ’ म्हणतात, तो हाच वारसा.

एका बाईच्या आणि तिच्यासोबतच्या अनुयायांच्या स्मरणातून मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ परत आला, ही बाब चित्रपटाशेजारी ठेवून पाहावी. त्या मठात स्त्रीला जागाच नाही. चित्रपटभर दिसते ती एक गावातली उपाशी मुलगी, आणि तिला चेटकीण ठरवून जाळायला निघालेला बर्नार्दो गी. हा गी इतिहासातला खरा धर्मचौकशी अधिकारी; चौकशी कशी करावी याची पुस्तिकाच त्यानं लिहिली. पडद्यावर गावकरी त्याचा शेवट करतात, प्रत्यक्षात तो १३३१ पर्यंत जगला. नागदेवाचार्यांची स्त्रियांबाबतची भूमिका या मठाच्या अगदी उलट होती. त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण तसं झालं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना काहीच कळणार नाही.

महानुभावांनीही ग्रंथ लपवले, हे मात्र खरं. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशा सांकेतिक लिपी त्यांनी घडवल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं बसवायचं. किल्ली ठाऊक नसेल तर समोरच्याला पोथी उघडूनही अर्थ लागत नाही. शतकानुशतकं हे वाङ्मय पंथाबाहेर फारसं कुणाला वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा मराठीच्या आरंभकाळाचं एक मोठं दालन अभ्यासकांसमोर आलं. लिपीची भिंत उभी असतानाही पंथाच्या आत पोथ्यांची नक्कल होत राहिली, पाठ होत राहिला. होर्हेनं आपल्या ग्रंथाची अशी नक्कल कधी होऊ दिली नाही.

या जपलेल्या पोथ्यांमध्ये हसू भरपूर आहे. चक्रधरांचे गुरू, रिद्धपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेडे वाटायचे; खेळणारे, खोड्या करणारे, घराघरांत शिरणारे. म्हाइंभटांनी त्यांचंही चरित्र लिहिलं आणि त्यातला खोडकरपणा देवपणाला कमीपणा आणतो म्हणून गाळला नाही. होर्हे ज्या हसण्याला घाबरला, ते इथे पूजेचाच भाग आहे. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

चित्रपटाच्या शेवटी होर्हे विषारी पानं स्वतःच तोंडात कोंबतो आणि ग्रंथालय पेटतं. ज्वाळांतून काळवंडलेला विल्यम बाहेर येतो, छातीशी कवटाळलेली काही मोजकी पुस्तकं घेऊन. अॅड्सो धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

(पुढच्या भागात : दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या.)