खोकड म्हणजे कोल्ह्याचं पिल्लू नव्हे

आज वाघ नाही, बिबट्या नाही. आज खोकड.

परभणीहून जिंतूरकडे रात्री जाताना गाडीच्या उजेडात कधीतरी मांजराहून जरासं मोठं काहीतरी पळत रस्ता ओलांडतं. शेपूट झुबकेदार, टोक काळं. गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, "कोल्ह्याचं पिल्लू होतं बघ." पिल्लू नाही हो, ते पूर्ण वाढलेलं खोकड! वजन दोन-तीन किलो. कोल्हा याच्या तिप्पट तरी भरतो. आणि खोकड भारतीय उपखंडाबाहेर कुठंच सापडत नाही.

हे खातं काय? उंदीर, टोळ, वाळवी, खेकडे, सरडे, आणि बोरं. बोराच्या बिया विष्ठेतून माळावर दूरवर पडतात. म्हणजे सोयाबीन-हरभऱ्यातले उंदीर कमी करायचे आणि जाता जाता बोरीही पेरायच्या. मजुरी शून्य!

पण आपण उंदरांसाठी जे औषध टाकतो ना, त्यातली गोम ऐका. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून फिरतो. असा सुस्त उंदीर खोकडाला आयताच सापडतो, आणि त्याच्यासोबत विषही पोटात जातं. उंदीर पटापट वाढतात, खोकडाला मात्र वर्षातून एकदाच दोन-चार पिल्लं. मग पुढच्या हंगामात जास्त उंदीर कुणाच्या शेतात, सांगा?

दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर संशोधकांनी बघितलं, की जिथं कुत्री फिरतात ती जागा खोकड टाळतं. डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे रोगही त्याला होतात. त्यात आपली गायरानं कागदावर 'पडीक'. पडीक म्हटलं की जेसीबी आलाच! खरं तर खोकडाचं सगळं घर तिथंच असतं, अनेक तोंडांचं बीळ.

एका श्रोत्यांनी विचारलंय, बांधाजवळ असं बीळ दिसलं तर काय करायचं? फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास आत पिल्लं असू शकतात. बुजवू नका, धूर करू नका. नांगरट तेवढी जागा सोडून करा, कुत्रं बांधून ठेवा. पिल्लं काही महिन्यांत मोठी होऊन निघून जातात.