अंग बदलू नका, रेषा बदला

रमजानचा शेवटचा आठवडा होता. बारामतीच्या बाजारात कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. आमची भाची एका दुकानात पुतळ्यावरचा कुर्ता पाहून हरखली आणि तोच घालून बघायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. सीटच्या मापाने एक्सएल घ्यावा तर खांदे दंडावर उतरत होते आणि बाह्या बोटांवर येत होत्या. खांद्याच्या मापाने मीडियम घ्यावा तर तो कमरेखाली अडकत होता. ती एवढेच म्हणाली, "फुफी, कुर्त्यात खोट नाही. मीच बेढब आहे."

आम्ही दोघी बहिणी. एक बारामतीत नांदते, दुसरी इंदापुरात. दोघींच्याही घरी शिलाई मशीन आहे आणि अम्मीच्या हाताखाली शिकलेले काम आजही चालू आहे. त्यामुळे असे वाक्य ऐकायची आम्हाला सवय आहे. तरी या वेळी ते जिव्हारी लागले, कारण त्यामागची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. महिन्यापूर्वी तिला पाहायला पाहुणे आले होते. त्यातल्या एका बाईंनी उठता उठता म्हटले होते, "पोरगी गुणाची आहे, पण अंगाने जरा बसकी दिसते." तेव्हापासून पोरीने सहेरीला नुसते पाणी आणि इफ्तारला दोन खजूर नि चहा, एवढ्यावर रोजे चालवले होते. सत्ताविसाव्या रोज्याला तिला घेरी आली. रोजा अल्लाहसाठी होता, पण उपासमार टेपसाठी चालली होती.

त्या संध्याकाळी आम्ही ठरवले, हिचा ईदचा जोडा आपण शिवायचा. त्या निमित्ताने जे सगळे पुन्हा डोक्यात आले, ते वाचक भगिनींपुढे ठेवतो आहोत.

खोट कुठे असते?

तयार कपडा एका ठरावीक तक्त्यावर कापला जातो. एक मूळ माप घेतात आणि त्यावरून लहान-मोठे साइज काढतात. छाती दोन इंचांनी वाढली की कंबर, सीट, खांदा, बाही यांनीही ठरलेल्या हिशोबाने वाढायचे, असे तक्ता धरून चालतो. पण अल्लाहने माणसे तक्त्यावरून घडवलेली नाहीत. आमच्या भाचीची छाती 34 आणि सीट 41. शेजारच्या भाभींची छाती 40 आणि सीट 38. दोघींनाही तयार कपडा बसत नाही, आणि दोघीही दोष स्वतःच्या अंगाला देतात.

आपल्याकडे बरेच दिवस परदेशी तक्त्यांवरच काम भागवले गेले. भारतीय बांध्याचा स्वतःचा तक्ता व्हावा म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' नावाचे सर्वेक्षण हाती घेतले आणि निरनिराळ्या शहरांत हजारो स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने टिपली. म्हणजे कपडा न बसणे ही आपली एकटीची गोष्ट नाही. देशभराची अडचण आहे.

दुसरी फसवणूक चित्रांची. इंदापुरात आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ बायका मोबाईलमधला फोटो दाखवून "अस्संच शिवा" म्हणतात. साधारण माणसाची उंची स्वतःच्या डोक्याच्या साडेसात पट असते. फॅशनची चित्रे काढणारे मात्र बाई नऊ डोक्यांची काढतात, आणि वाढवलेली सगळी लांबी पायांत घालतात. फोटोतल्या मॉडेलही तशाच उंच निवडलेल्या असतात. पाच फुटांच्या बाईने त्या चित्राशी स्वतःला ताडून पाहिले, तर हार ठरलेलीच.

आधी भिंतीवर खुणा करा

वजनकाटा बाजूला ठेवा. भिंतीला मोठा कागद चिकटवा, पाठ टेकून सरळ उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिलीने खुणा करायला सांगा. डोक्याचा माथा, खांदा, कंबर, सीटचा सर्वांत रुंद भाग, गुडघा आणि जमीन. मग खांद्याची, कमरेची आणि सीटची रुंदीही टिपा. या कागदावर जाड-बारीक काही कळत नाही. कळते ते एवढेच, की कुठला भाग लांब आहे, कुठला आखूड, आणि खांदा रुंद की सीट रुंद.

भाचीचा कागद पाहिला तेव्हा ती स्वतःच चकित झाली. उंची 59 इंच, म्हणजे पाच फुटांना एक इंच कमी. खांद्यापासून जमीन 48 इंच. कंबर चांगली निमुळती, मान लांब. बसकेपणा कुठे होता, तर तिच्या नेहमीच्या कपड्यांत. ती 24 इंचांचा आखूड कुर्ता घालायची. तो बरोबर अंगाच्या मध्यावर संपायचा. खाली सलवार वेगळ्या रंगाची, त्यामुळे अंगाचे वर-खाली दोन सारखे तुकडे पडायचे. शिवाय कुर्त्याच्या काठाला रुंद लेस, तीही सीटच्या खाली. बघणाऱ्याची नजर तिथेच थांबायची.

अम्मी म्हणायची, कपड्याचे दोन सारखे तुकडे कधी करू नकोस. शिवणकामाच्या वर्गातही हेच शिकवतात: एकूण उंचीचे आठ भाग धरा आणि फोड तीन-पाच अशी करा. 48 इंचांत ही फोड 30 आणि 18 अशी येते. म्हणजे कुर्ता 30 इंचांचा, गुडघ्याच्या जरा वर संपणारा. त्याहून लांब कुर्ता हवा असेल तर सलवार त्याच रंगाची ठेवा. मग काठाची रेषा अंग तोडत नाही आणि खांद्यापासून पायापर्यंत एकच सलग पट्टा दिसतो.

रेषा काय करते?

कपड्यावर रेषा केवळ छापील पट्ट्यांची नसते. शिलाई ही रेषा, बटणांची पट्टी ही रेषा, गळा, चाक, लेस, काठ, ओढणीची कड, सगळ्या रेषाच. नजर रेषेच्या मागे जाते.

उभी रेषा नजर वर-खाली नेते. पुढच्या मध्यावरची एक बटणपट्टी किंवा खांद्यापासून घेरापर्यंत उतरलेल्या कळीच्या दोन शिलाया अंग उंच दाखवतात. पण त्या दोन रेषांमधले अंतर फार वाढवले, तर नजर एकीवरून दुसरीवर आडवी जाते आणि अंग रुंदच दिसते. म्हणून कळीच्या शिलाया कमरेपाशी जवळ याव्यात आणि खाली हळूच फाकाव्यात.

आडवी रेषा जिथे असेल तिथे रुंदी दाखवते, म्हणून ती अरुंद भागावर ठेवावी. खांदे अरुंद असतील तर छातीच्या वर योक, खांद्यावर भरतकाम, बाहीच्या जोडावर बारीक चुण्या. खांदे रुंद आणि खालचा भाग सडपातळ असेल, तर हेच उलटे करा. वर साधे ठेवा आणि काम घेरावर घ्या.

मग आडव्या पट्ट्यांचे कापड जाड बायकांनी घालूच नये का? इथे एक मजेदार गोष्ट आहे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1867 सालीच नोंदवले होते, की सारख्या मापाच्या दोन चौकोनांत आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी यांनी 2011 साली हाच प्रयोग कपड्यांवर प्रसिद्ध केला, आणि आडव्या पट्ट्या माणसाला जाड दाखवत नाहीत असाच निष्कर्ष काढला. आमचा हातचा अनुभवही असाच. अंगभर बारीक, जवळजवळ पट्ट्यांचे कापड काही बिघडवत नाही. बिघडवते ती भलत्या जागी बसलेली एकच रुंद, गडद आडवी पट्टी.

तिरपी रेषा सर्वांत सोयीची. व्ही गळा, एका खांद्यावरून उतरलेली ओढणी, अंगरख्यासारखा एकावर एक येणारा पुढा, या रेषा नजरेला वर-खालीही नेतात आणि रुंदीही मोडतात. भरलेल्या छातीला आणि आखूड मानेला याचा फार उपयोग. व्ही गळा खोल नको असेल तर गळा बंदच ठेवा आणि वरून पायपिनने किंवा बारीक लेसने व्हीचा आकार काढा. डोळ्याला रेषा मिळाली की काम झाले.

पर्द्यात रेषेचे काय काम?

एका वाचक भगिनीने मागे आम्हाला विचारले होते, "आम्ही अबाया घालतो, आम्हाला हे कशाला?" आम्हाला वाटते, सैल कपड्यालाच रेषेची जास्त गरज असते. तंग कपडा अंगाचा आकार घेतो. सैल कपड्याला स्वतःचा आकार असावा लागतो, नाहीतर तो पोत्यासारखा लोंबतो. कुरआनच्या सूरह अल-आराफमध्ये वस्त्राची दोन्ही कामे सांगितली आहेत, अंग झाकणे आणि शोभा देणे. एकासाठी दुसरे सोडायची गरज नाही.

अबायाची खांद्याची शिलाई दंडावर उतरवलेली असते. रुंद खांद्यांच्या बाईला ती आणखी रुंद करते. तिने शिलाई खांद्याच्या हाडावर घ्यायला सांगावी. पुढून उघडणाऱ्या अबायाला मध्यावर बारीक पायपिन लावली की उभी रेषा मिळते. कंबरपट्टा घट्ट बांधण्यापेक्षा बाजूच्या शिलाया किंचित आत घेऊन खाली घेर सोडला, तर अंगाला चिकटतही नाही आणि लोंबतही नाही. मान आखूड असेल तर हिजाबच्या घड्या हनुवटीखाली गोळा न करता एक पदर समोर लांब सोडावा.

त्या जोड्याचे काय झाले?

कापड आम्ही बारामतीतच घेतले. गडद हिरवे, पडीक, चमक नसलेले. सरळ कुर्त्याला अडीच मीटर पुरले असते, कळीमुळे साडेतीन लागले. भाचीची बारामती-इंदापूर एसटी भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत संध्याकाळी इंदापूरला पोचली आणि त्याच रात्री तरावीहनंतर आम्ही कापड बेतायला घेतले. कुर्ता 41 इंच, सहा कळ्यांचा. कमरेवर आडवा जोड नाही. खांद्यापासून निघालेल्या शिलाया कमरेपाशी जवळ आणि सीटच्या खाली मोकळ्या. अंगाला सगळीकडून तीन-चार इंचांची ढील. गळ्याशी आणि खांद्यावर फिक्या दोऱ्याचे काम, बाहीला बारीक चुण्या, काठ अगदी साधा. सलवार आणि कुर्ता एकाच रंगाचे.

आतला दाब आम्ही एक इंच ठेवला. लग्नानंतर, बाळंतपणानंतर अंग बदलतेच. उसवून पुन्हा बसवता येईल असा कपडा शिवणे, ही आमच्या अम्मीची शिकवण. तयार कपड्यात हा दाब पाव-अर्धा इंचच मिळतो. म्हणून चार स्वस्त जोडे घेण्यापेक्षा वर्षातून एक नीट शिवून घेतलेला जोडा शेवटी परवडतो, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमुळे या भागातल्या कितीतरी बायकांच्या हाताला काम मिळाले आहे. पण कारखान्यात एक जण फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त बाही. पूर्ण अंगाचे माप घेऊन, बाईकडे बघून कपडा बेतणे हा निराळा हुनर आहे, आणि घरात एखादी मुलगी शिवण शिकत असेल तर तिला तो जरूर शिकवा. कटिंगवाल्या बाईला काम शोधत फिरावे लागत नाही.

ईदच्या सकाळी पोरगी आरशासमोर उभी राहिली. वजन तेवढेच, उंचीही तेवढीच. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फुफी, मी तीच आहे ना?" मग तिने दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर.

त्या पाहुण्यांचा होकार आला का, असे तुम्ही विचाराल. नाही आला. त्याचे दुःख आम्हाला नाही. पण एक गोष्ट मनात राहिली आहे. जिने 'बसकी' म्हटले तीही बाईच होती, आणि खरे सांगायचे तर मुली पाहायला गेल्यावर आम्हीही कधीतरी असे बोललो असू. कपड्याची रेषा आम्ही शिवून देऊ शकतो. तोंडातून निघालेल्या शब्दाला मात्र दाब ठेवलेला नसतो. तो उसवून पुन्हा बसवता येत नाही.

तेव्हा पुढच्या ईदला घरातल्या मुलीला कपडा बसला नाही, तर "जेवण कमी कर" म्हणण्याआधी टेप घ्या, कागद भिंतीला लावा आणि तिच्या खुणा करा. बहुतेक वेळा दुरुस्ती कपड्यातच सापडते.